मदत हवी आहे: बंद पडलेली ओम्नी कॅम्पर वाईहून पुण्याला टोचन करून आणावी का?

नमस्कार मंडळी. आमची ओम्नी गेल्या रविवारपासून मेणवलीत मावशीच्या अंगणात उभी आहे. इंजिनाचा टायमिंग बेल्ट (आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) तुटला. वाईचा मेकॅनिक येऊन पाहून गेला. इंजिनाचं हेड (वरचा भाग) उघडल्याशिवाय काही सांगता येणार नाही म्हणाला. आम्ही धायरीचे, गाडीची नस ओळखणारा आमचा फिटरही इथलाच. म्हणून गाडी पुण्यालाच आणायची आहे.

गाडी मुळात आठशे किलोच्या आसपासची, पण बाबांनी निवृत्तीनंतर तिचं छोटं घर केलं. मागच्या बाकाच्या जागी घडीचा पलंग, खाली पाण्याचे कॅन, शेगडी, लहान सिलिंडर. एका फळीला आईच्या डब्यांच्या मापाच्या खाचा आहेत; साखरेचा डबा घाटातसुद्धा जागचा हलत नाही. बाबा आता नाहीत. त्यामुळे या गाडीच्या बाबतीत मला धोका पत्करायचा नाही.

भावजी म्हणतात, बोलेरोला दोर बांधू, पहाटे निघू, दुपारपर्यंत घरी. मला ते पटत नाही. वाहन चालवण्याच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर चालत नाही आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत ठेवायचा. त्या वेगाने हायवेवर ट्रकच्या गर्दीत चार तास! शिवाय सुरूर फाट्यानंतर खंबाटकीचा बोगदा, तो संपला की लगेच उतार आणि एस वळण. पुढे कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार तर आपण सगळेच ओळखतो. मागच्या गाडीत धाकटा भाऊ बसणार. इंजिन बंद म्हणजे ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) बंद; दोन-तीनदा दाबला की पेडल दगडासारखं होतं. अंगणातल्या अंगणात ढकलताना मी स्वतः ते अनुभवलं. पॉवर स्टिअरिंग नाही, तेवढी एक काळजी कमी.

दोराऐवजी लोखंडी टो बार (दोन गाड्या जोडणारा कडक दांडा) लावला तर निभावेल का? आणि गाडी न्यूट्रलला ठेवली की गिअरबॉक्सला काही होत नाही, हे खरं का?

प्रतिसाद १
न्यूट्रलवर विसंबू नका. ओम्नी मागच्या चाकांवर चालते. चाकं फिरली की प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्स आणि मागची चाकं जोडणारा दांडा) फिरतो आणि गिअरबॉक्सचा मागचा शाफ्टही. पण ऑइल उडवणारे खालचे गिअर इंजिन बंद असताना थांबलेले असतात. दोन-चार किलोमीटर ठीक, नव्वद किलोमीटरमध्ये बेअरिंग कोरडी पडून जळतील. प्रोपेलर शाफ्ट काढून गाडी आणता येते, पण मग गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडातून ऑइल गळतं, ते बंद करावं लागतं.

टो बारने मागची गाडी पुढच्यावर आदळत नाही, एवढंच. उतारावर तिचं सगळं वजन बोलेरोच्याच ब्रेकवर येणार. पुढची चाकं उचलणारी क्रेनही नको, मागची चाकं रस्त्यावरच फिरतात. सरळ फ्लॅटबेड (अख्खी गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक) बोलवा. भाड्याचे पैसे जातील, पण गिअरबॉक्स वाचेल आणि मागे कोणाला बसावं लागणार नाही.

धागाकर्ता
मनापासून आभार. गिअरबॉक्सचं हे कोणीच सांगितलं नव्हतं. भावजींना वाचून दाखवलं, तेही फ्लॅटबेडला तयार झाले. सिलिंडर आणि डबे मावशीकडे उतरवतो, कॅन रिकामे करतो. आता एकच सांगा: वर चढवल्यावर पट्टे चाकांवरून आवळायला सांगू की चॅसीला (खालच्या सांगाड्याला)? आतला पलंग चॅसीला नाही, पत्र्याला बोल्ट केलेला आहे, म्हणून विचारतो. शनिवारी सकाळी गाडी आणायला निघतोय.