मदत हवी आहे: नोकरी सांभाळून एम.टेक. (मॅन्युफॅक्चरिंग मॅनेजमेंट) करावं का? फी कंपनी देतेय, पण बाँड आहे

नमस्कार मंडळी,

थोडं लांबेल, सांभाळून घ्या. मी भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत प्रॉडक्शनला आहे. आधी डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयरला बी.ई. मेकॅनिकल आणि तेव्हापासून मशीन शॉप. सध्या असिस्टंट मॅनेजर. हाताखाली दोन लाइनी, तिन्ही शिफ्टचे सुपरवायझर आणि महिनाअखेरीला डिस्पॅचवाल्यांचे फोन.

गेल्या अप्रेझलला प्लँट हेड म्हणाले, "मशीन तुला कळतं, माणसंही सांभाळतोस. पण खर्चाच्या मीटिंगला बसलास की गप्प होतोस." खरं आहे. एका नगामागे टूलचा खर्च किती, हे मला झोपेतून उठवून विचारा. पण नवीन व्हीएमसी (संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन) घ्यायचं की तेच काम बाहेर द्यायचं, हे व्याज, घसारा, पेबॅक (घातलेले पैसे किती काळात वसूल होतात) धरून मांडायला सांगितलं की फायनान्सचा मुलगा एक्सेल उघडतो आणि मी मान डोलावत बसतो. त्यात आमच्याकडे सीनियर मॅनेजरच्या वर गेलेले बहुतेक सगळे पीजी झालेले. लेखी नियम कुठेच नाही, पण दिसतं तसंच.

पूर्णवेळ शिकणं बाद. पवईची निटी (२०२३ पासून आयआयएम मुंबई) हे कॉलेजात असल्यापासूनचं स्वप्न होतं, पण आता मोशीतल्या फ्लॅटचा हप्ता आणि चार वर्षांची मुलगी आहे. उरले दोन रस्ते. एक, बिट्स पिलानीचा नोकरी करणाऱ्यांसाठीचा एम.टेक. चार सेमिस्टर, शेवटच्या सेमिस्टरला आपल्याच कंपनीतल्या कामावर प्रबंध. दुसरा, एखादा ऑनलाइन एमबीए, ऑपरेशन्स घेऊन. एचआर पहिल्याला तयार आहे: सेमिस्टर पास झालो की त्या सेमिस्टरची फी परत. अट अशी की कोर्स संपल्यावर दोन वर्षं कंपनी सोडायची नाही, सोडली तर सगळे पैसे परत.

खरी गोम मात्र सुट्टीची आहे. आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. वर्ग शनिवार-रविवारी. म्हणजे तिकडे सर शिकवत असणार आणि मी लाइनीवर. रेकॉर्डिंग मिळतं म्हणे, पण ते बघायचं कधी? गुरुवारीच. बायको शाळेत शिकवते, तिची सुट्टी रविवारी. गुरुवारी मुलीला बालवाडीतून आणणं, जेवू घालणं, झोपवणं हे माझं काम. आठवड्यातून तेवढीच ती मला उजेडात भेटते.

बायको म्हणते कर, दोन वर्षं काढू कशीतरी. आई म्हणते आता कसली परीक्षा देतोस. ज्यांनी असं केलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा: पदवीचा खरंच उपयोग झाला का? बाँड घ्यावा की पदरचे पैसे घालावेत?

---

खडकीकर

मी हाच प्रकार केलाय, क्वालिटीत असताना. पहिल्या सेमिस्टरला रेकॉर्डिंग दीडपट वेगाने बघायचो, तरी साठायचंच. मग डबा खाताना एक कान, घरी येताना बसमध्ये दुसरा. विषय अवघड नाहीत, तू करतोस त्यालाच नावं दिलेली असतात. अवघड असतं ते ऑडिट आणि परीक्षा एकाच आठवड्यात येणं. आमच्याकडे आयएटीएफचं (वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं) ऑडिट नेमकं माझ्या परीक्षेच्या तोंडावर यायचं.

प्रबंधाचा मात्र सोन्यासारखा उपयोग झाला. विषय होता प्रेसवरची डाय (साचा) बदलण्याचा वेळ कमी करणे. तसंही ते काम माझ्या गळ्यात पडणारच होतं. प्रबंध म्हटल्यावर मेंटेनन्सवाले मदतीला आले, स्टॉपवॉच घेऊन उभं राहिलं तर ऑपरेटर चिडले नाहीत, आणि शेवटी एमडींसमोर मांडायची संधी मिळाली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पैसे किती वाचले?" तो आकडा काढताना मी जे शिकलो ते कुठल्याच विषयात नव्हतं.

पगार लगेच वाढला नाही. दुसरीकडे मुलाखत दिली तेव्हा उपयोग झाला.

---

एचआरवाली

बाँडबद्दल तीन गोष्टी आधी विचारा. दोन वर्षं कुठल्या तारखेपासून? शेवटच्या परीक्षेपासून, निकालापासून की पदवी हातात पडल्यापासून? पदवीदान समारंभ लांबला तर तुम्ही फुकट अडकता. दुसरं, मध्येच सोडलं तर पूर्ण रक्कम की उरलेल्या महिन्यांच्या हिशोबाने? चांगल्या कंपन्या हिशोबाने घेतात, पण कागदावर लिहिलेलं नसेल तर पूर्ण मागतात. तिसरं, कंपनीनेच तुम्हाला काढलं किंवा प्लँट दुसरीकडे हलवला तर काय?

"बाँड कोर्टात टिकत नाही" असं टपरीवर सांगणारे खूप भेटतील. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा ३ वर्षांचा, २ लाखांचा बाँड वैध धरला. तेव्हा सही म्हणजे सही.

पदरचे पैसे कर्ज काढून घालणार असाल तर शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर वजावट मिळते, पण ती जुन्या करप्रणालीत. नवीन प्रणालीत असाल तर विसरा.

---

तात्या

कुठलाही कोर्स घ्या, तो यूजीसीच्या किंवा एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) कुठल्या नियमाखाली चालतो ते लेखी मागून घ्या. २०१७ साली सुप्रीम कोर्टाने पत्रव्यवहाराने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर असा काही हातोडा घातला की काही अभिमत विद्यापीठांतून शिकलेल्यांची प्रमोशनं धोक्यात आली. एमबीएचं वेगळं आहे, मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन पदवी चालते. पण "एक्झिक्युटिव्ह सर्टिफिकेट" आणि पदवी यांत फरक असतो, आणि समुपदेशक म्हणून फोन करणारी मुलं तो सांगत नाहीत. त्यांना टार्गेट असतं.

---

मिशिगनचा मावळा

इथे इंजिनिअरिंग मॅनेजमेंट ही वेगळी शाखाच आहे. मिझुरीत रोला इथे १९६७ मध्ये तिचा स्वतंत्र विभाग निघाला. डेट्रॉइटकडचे निम्मे गाडीवाले संध्याकाळी अशाच वर्गांना असतात. कंपनीने वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत फी भरली तर त्यावर कर नाही, म्हणून लोक मुद्दाम वर्षाला दोन-तीन विषय घेऊन रमतगमत करतात. तुमच्याकडेही एका सेमिस्टरला कमी विषय घेता येतात का बघा. लहान मूल असताना दोन वर्षांचं तीन वर्षं झालं तर आकाश कोसळत नाही.

---

खडकीकर

एक राहिलं. तुझी अडचण खर्चाचं गणित ही आहे ना? मग एम.टेक.च्या विषयांची यादी नीट बघ. प्लॅनिंग, क्वालिटी, सप्लाय चेन भरपूर असेल, पण फायनान्स किती? ऐच्छिक असेल तर तो आधी घे. आणि त्याही आधी एनपीटीईएलवर (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स) इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्सचा एखादा कोर्स कर. शिकणं फुकट, परीक्षा द्यायची तरच थोडी फी. गुरुवारी अभ्यास होतो की नाही तेही कळेल. झाला नाही तर निदान बाँडवर सही तरी झालेली नसेल.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. एचआरवाली ताई, तुमचे तिन्ही प्रश्न जसेच्या तसे विचारले. बाँड शेवटच्या सेमिस्टरच्या निकालापासून, आणि रक्कम महिन्यांच्या हिशोबाने. दोन्ही तोंडी सांगितलं, मी मेल मागितला तर "पॉलिसीत बघून सांगतो" आलं. तिसऱ्या प्रश्नावर नुसतेच हसले. मेल येईपर्यंत सही नाही.

विषयांची यादी बघितली आणि खडकीकर दादांचं पटलं. एनपीटीईएलला नाव घातलंय. वर्ष असंही जाणारच होतं, पुढच्या बॅचला प्रवेश घेतला तरी चालेल. प्लँट हेडना सांगितलं तर ते म्हणाले, व्हीएमसीचा प्रस्ताव या वेळी तूच मांड, फायनान्सवाला शेजारी बसेल. म्हणजे परीक्षा आधीच सुरू झाली म्हणायची.

आता एकच विचारायचंय. ज्यांची सुट्टी गुरुवारी असते आणि परीक्षा शनिवार-रविवारी, ते रजा कशी मागतात? आमच्याकडे रविवारी लाइन सोडायची म्हटलं की दोन शिफ्टच्या सुपरवायझरांची मनधरणी करावी लागते. बदली सुट्टी लिहून घेता येते का, की पगारी रजाच जाते?