‘शरम’चा आणि ‘शर्मन्’चा काही संबंध नाही

कर्वेरोडकर: काल इथे पर्वतीपायथा यांनी लिहिलं की ‘शरम’ संस्कृत ‘शर्मन्’वरून आला आणि लाजाहोमातली ‘लाजा’ म्हणजे नवरीची लाज. त्यावर ८० लाइक! शर्मन् म्हणजे सुख, आसरा. आपला शरम फारसी ‘शर्म’मधून आलाय, बेशरमही तिथलाच. आणि लाजा म्हणजे साळीच्या लाह्या हो, भाऊ नवरीच्या ओंजळीत घालतो त्या. लग्नाला जाऊन नुसतं जेवून येता का?

पर्वतीपायथा: लाह्यांचं मान्य. पण लाज असताना शरम हवाच कशाला? महाराजांनी राजव्यवहारकोश उगाच करवून घेतला?

कर्वेरोडकर: कोशाने फारसी शब्दांना पर्याय दिले, त्यांची मुळं नाही बदलली. अब्रूसुद्धा फारसीच. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. काढून टाका मग तोही.

बिबवेवाडी९: अब्रू काढू नका. १९८४ साली पेठेतल्या एका शाळेत फी थकली म्हणून मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. दुसऱ्या दिवशी वडील रुमालाच्या गाठीत चिल्लर घेऊन आले. क्लार्कने सगळ्यांसमोर एकेक नाणं टेबलावर वाजवून घेतलं. वडिलांचे कान लालबुंद झाले होते. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, ‘अब्रू गेली.’ चेहऱ्यावरचं पाणी जाणं म्हणजे काय, ते मी बघितलंय.

पेठेतली: वाईट वाटलं वाचून. पण आम्हाला हे रोजचं आहे. जोरात हसलं की लाज, जिन्यात पाय पसरून बसलं की लाज. माझ्या भावाला एकदाही कुणी म्हटलं नाही.

पर्वतीपायथा: विषय व्युत्पत्तीचा आहे, ताई.

पेठेतली: ताई नका म्हणू. नवरीच्या लाजेवर तुम्हीच लिहिलंत ना? ‘ती लाजली’ म्हटलं की कौतुक आणि ‘तिला लाज वाटली’ म्हटलं की दोष. शब्द एकच आहे. याचं कुणाला काही वाटत नाही, आणि शर्मन्वर दोन दिवस भांडताय!

बिबवेवाडी९: मुलांनाही ऐकवतात हो. पण रोज नाही, हे खरं.

पर्वतीपायथा: ठीक, माझं चुकलं. पण संस्कृतात काहीच नाही असं समजू नका. अमरकोशात ह्री, त्रपा, व्रीडा, लज्जा एका ओळीत दिलेत आणि दुसऱ्यामुळे वाटते तिला ‘अपत्रपा’ हा वेगळा शब्द. ‘जनाची नाही तर मनाची’ आपण म्हणतो, तोच भेद.

कर्वेरोडकर: अपत्रपेचा मुद्दा चांगला आहे, तो मानतो. शर्मन्चा मरेपर्यंत मानणार नाही.

पर्वतीपायथा: ती ओळ काढली पोस्टमधून. लाह्यांचीही.

पेठेतली: माझ्या प्रश्नाचं काय?