आंब्याच्या सालीचं वेष्टन जुलैत टिकेल का?

कातळसडा: काल इथे कुणी लिहिलं, "आंब्याच्या सालीपासून खाता येणारं वेष्टन बनतं, आता प्लास्टिकला सुट्टी." वाचून राहवलं नाही. सालीतलं पेक्टिन (जॅम घट्ट करतो तो पदार्थ) आम्लाच्या गरम पाण्यात उतरवायचं, ग्लिसरीन घालून पातळ थर वाळवायचा, पापुद्रा निघतो. मान्य. पण पेक्टिन पाण्यात विरघळतं. जुलैत आमच्याकडे पापड मऊ पडतात, तिथे हे टिकणार? आणि दहा जणांचा हात लागलेलं वेष्टन खाणार कोण? त्यावर दुसरी पिशवी आलीच.

सालपट: लिहिणारा मीच. "सुट्टी" जरा जास्त झालं. पण आंबापोळी म्हणजे तरी काय? ताटात वाळवलेला फळाचा थरच. आजीची वर्षभर टिकायची.

कातळसडा: झाकणबंद डब्यात टिकायची!

पेठेतला दुकानदार: प्लास्टिकचा विषय निघालाच आहे तर ऐका. २०१८ च्या बंदीत माझ्याकडून पिशव्यांसाठी ५,००० रुपये दंड घेतला. शेजारीच टांगलेल्या वेफर्सच्या चकचकीत पुड्यांना कुणी हात लावला नाही.

लोकलवाली: दंड घेतला ते योग्यच. २६ जुलै २००५ ला मुंबईची गटारं कशाने तुंबली होती?

पेठेतला दुकानदार: त्या रात्री माझा भाऊ सायनला कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. मला शिकवू नका. ५,००० म्हणजे माझी आठवड्याची कमाई. बंदी आणली, पण हातात दुसरं काय दिलं? कागदात गूळ बांधला की घरी पोचेपर्यंत कागद गुळाला चिकटतो.

लोकलवाली: भावाबद्दल वाईट वाटलं. पिशव्यांबद्दल मत तेच आहे.

वहाळकाठ: दंडाचं पुरे करा हो! आमच्या वरच्या अंगाला कॅनिंगचा कारखाना आहे. मे महिन्यात साली-कोयी थेट वहाळात. दोन वर्षं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नव्हतं. वेष्टन होवो न होवो, ती साल कुणीतरी विकत घेऊन जाऊ दे.

कातळसडा: हे पटतं. पण हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा आणि साल दोन दिवसांत आंबते. एवढी वाळवायची तर जळण कुठून आणणार?

सालपट: जळणाला उत्तर नाही माझ्याकडे.

पेठेतला दुकानदार: मला एवढंच सांगा, हा पापुद्रा गूळ धरेल का?

सालपट: गूळ नाही. ओल सुटली की चिकटेल. वरून मेणाचा हात दिला तर खारे दाणे धरेल. कोरड्या हवेत तो प्राणवायू चांगला अडवतो, दाणे लवकर खवट होत नाहीत.

पेठेतला दुकानदार: मग दाण्यांपुरता पाठवा. उन्हाळ्यात.