कांद्याला क्विंटलमागे 350 रुपये: असं अनुदान हवंय का?

चांदवडकर
फेब्रुवारी 2023 मध्ये लाल कांद्याचे भाव कोसळले. सोलापुरात 512 किलो कांदा विकून एका शेतकऱ्याच्या हातात 2 रुपयांचा चेक पडला होता, आठवत असेल. दिंडोरीहून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला. मागणी क्विंटलला 600 रुपये अनुदानाची होती. राज्य सरकारने आधी 300, मग 350 जाहीर केले, तेही जास्तीत जास्त 200 क्विंटलपर्यंत. माझं म्हणणं, हे अनुदान नकोच. पैसे खात्यात यायला सप्टेंबर उजाडला, आणि त्याआधीच 19 ऑगस्टला केंद्राने निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं. डिसेंबरात तर निर्यातच बंद. भाव सरकारनेच पाडायचा आणि वर मदत केली म्हणून सांगायचं, हे मला मान्य नाही.

निफाडची सून
दादा, अनुदान नको म्हणणं तुम्हाला परवडत असेल, आम्हाला नाही. लाल कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही. उन्हाळ कांदा असता तर भाव येईपर्यंत थांबलो असतो. लाल काढला की थोड्या दिवसांत कोंब फुटतात, नाहीतर सडायला लागतो. भाव असो नसो, ट्रॅक्टर भरून मार्केटला न्यावाच लागतो. अनुदानात धरलेल्या फेब्रुवारी-मार्चच्या आमच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, 160 क्विंटलच्या होत्या. म्हणजे 56 हजार. हप्त्याहप्त्याने आले, पण आले. त्यातून कृषी केंद्राची उधारी फिटली आणि उन्हाळचं बी घेतलं. हे पैसे नसते तर सावकाराकडे जावं लागलं असतं.

कोथरूडकर
ग्राहक म्हणून बोलतो. कांदा महागला की निर्यात रोखावीच लागते, हातावर पोट असलेल्यांनी काय करायचं? अनुदानही आमच्याच करातून जातं. त्यापेक्षा तोच पैसा साठवणुकीवर खर्च करा.

चांदवडकर
साठवणूक हवीच, पण ताईंनी सांगितलं तसं लाल कांद्याला तिचा उपयोग नाही. आणि गरिबाला स्वस्त कांदा द्यायचा तर सरकारने बाजारभावाने विकत घेऊन रेशनवर द्यावा. त्याची किंमत एकट्या नाशिक, नगर, सोलापूरच्या शेतकऱ्याने का मोजायची?

वाट्याने करणारा
तुम्ही सगळे जमीनवाले बोलताय. अटी आठवा: 1 फेब्रुवारी ते 31 मार्चची विक्री, बाजार समितीची पट्टी, सात-बारावर कांद्याची नोंद. मी दुसऱ्याचं रान वाट्याने करतो. खतात, मजुरीत निम्मा खर्च माझा, पण सात-बारा मालकाचा, म्हणून अनुदान मालकाच्या खात्यात. त्याने मला एक रुपया दिला नाही. ज्यांनी बांधावरच व्यापाऱ्याला माल दिला, त्यांच्याकडे तर पट्टीच नव्हती.

चांदवडकर
भाऊ, हेच तर मी म्हणतोय. भाव मिळाला असता तर पट्टीवरच तुमचा वाटा निघाला असता, कुणाकडे मागायची वेळ आली नसती. मध्य प्रदेशात 2017 ला भावांतर आणलं, म्हणजे ठरलेल्या भावापेक्षा बाजारात कमी मिळालं तर फरक सरकारने द्यायचा. तेव्हा फरक सरकार देतंय म्हणून व्यापाऱ्यांनी भाव आणखी पाडल्याच्या तक्रारी होत्या. आपल्याकडे निर्यात शुल्क पूर्ण जायला 1 एप्रिल 2025 उजाडला. भांडायचंय ते असं शुल्क, अशी बंदी परत लागू नये यासाठी.

निफाडची सून
भांडा, मीही मोर्चात येईन. वाटेकऱ्याचं नाव यादीत यायलाच हवं, तेही लावून धरू. पण निर्यातीचा निर्णय दिल्लीत होतो आणि माझा लाल कांदा जानेवारीत निघतो. तोवर शेतकऱ्यांना अनुदान नको, असं आमच्या वतीने कुणी सांगू नका.