अमेरिकेतल्या लॉ स्कूलचे मेलवर मेल, फी माफ म्हणे. कितपत खरं धरायचं?

द्राक्षवाला_नाशिक
नमस्कार मंडळी, बहिणीसाठी विचारतोय. तिने इथंच कॉलेज रोडला बीए केलं, आता अमेरिकेत जेडी (तिकडची वकिलीची डिग्री) करायचंय म्हणून एलसॅट ही प्रवेश परीक्षा दिली, 180 पैकी 159 आले. स्कोअर आल्यापासून रोज दोन-तीन मेल, तुमची प्रोफाइल बघून आनंद झाला, अर्जाची फी माफ करतोय वगैरे, एकात तर खाली डीनची सही. आई पेढ्यांची ऑर्डर द्यायला निघालीय आणि बाबा म्हणतात फुकट मिळतंय तिथं काहीतरी गोम असणार. घरात वकिलीतलं कुणी नाही, सांगा ना म्हणजे ॲडमिशन जवळपास झालीच का?

पंचवटीकर
पेढे थांबवा भाऊ. एलसॅट घेणाऱ्या एलसॅक संस्थेच्या अकाउंटमध्ये कॅन्डिडेट रेफरल सर्व्हिस म्हणून असतं, ताईने ते चालू केलं असणार. तिथं कॉलेजवाले स्कोअर वगैरेची चाळणी लावतात, जेवढी नावं गळून येतात त्या सगळ्यांना तोच मेल, डीनसाहेबांनी प्रोफाइल उघडूनसुद्धा बघितलेली नसते. तुम्ही बागवाले म्हणून सांगतो, व्यापारी येऊन चार मणी चाखून गेला म्हणजे गाडी भरली का?
खरं बघायचं तर त्या कॉलेजचा 509 रिपोर्ट काढा, एबीएच्या (अमेरिकन बार असोसिएशन, लॉ स्कूलना मान्यता देणारी संस्था) नियमाने प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ स्कूलला तो साइटवर टाकावाच लागतो. त्यात एलसॅटचे 25, 50 आणि 75 पर्सेंटाइलचे आकडे असतात, म्हणजे तिथं प्रवेश घेतलेल्यांपैकी तेवढे टक्के मुलं ज्या मार्कांच्या खाली आहेत ते; 50 चा तो मधला. 159 मधल्या आकड्याच्या वर असेल तर त्यांना ताई खरंच हवी असू शकते, आणि 25 पर्सेंटाइलच्या आकड्याच्याही खाली असेल तर बहुतेक अर्जांची संख्या वाढवायचा खेळ, जितके जास्त नाकारले तितकं कॉलेज अवघड दिसतं.

गोदाकाठची
मी यातून गेलेय म्हणून लिहिते. माफी फक्त कॉलेजच्या फीची असते, एलसॅक प्रत्येक कॉलेजला आपल्या मार्कांचा-कागदपत्रांचा रिपोर्ट पाठवायचे 45 डॉलर घेतं ते आपल्याच खिशातून. मी फुकट फुकट करत अकरा ठिकाणी अर्ज टाकले, त्यातल्या सात ठिकाणी मला जायचंच नव्हतं, 495 डॉलर गेले. वर पुणे विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या मार्कांचा अधिकृत उतारा) थेट एलसॅककडे जावं लागतं, आपण स्कॅन करून पाठवलेलं चालत नाही, ते आधी मार्गी लावा.
अजून एक, भारतातल्या डिग्रीचा जीपीए (मार्कांची सरासरी) एलसॅक काढत नाही, नुसता शेरा देतं, त्यामुळे आपल्याकडच्या मुलांचं वजन एलसॅटवरच जास्त पडतं. म्हणून जमत असेल तर परत परीक्षा देऊन दोन-तीन मार्क वाढवणं या सगळ्या मेलपेक्षा कामाचं.
आणि स्कॉलरशिपचं पत्र आलं तर अट वाचाच. काही ठिकाणी पहिल्या वर्षी ठरावीक जीपीए राखला नाही तर ती जाते, आणि मार्क कर्व्हवर, एकमेकांच्या तुलनेत असतात म्हणजे सगळेच हुशार असले तरी कुणीतरी खाली जाणारच. किती जणांची गेली तेही 509 मध्येच सापडतं.

सिडको_बॉय
उलटंही करता येतं. जिथं मनापासून जायचंय तिथल्या ॲडमिशन ऑफिसला दोन ओळींचा मेल टाका, फी माफ होईल का विचारा. बऱ्याचदा देतात, नाही म्हणाले तरी काही बिघडत नाही.

द्राक्षवाला_नाशिक
धन्यवाद सगळ्यांना. आत्ताच ताईबरोबर बसून बघितलं, डीनच्या सहीवाल्यांचा 25 चाच आकडा 163 निघाला 😅 बाकी दोन ठिकाणी ती मधल्या आकड्याच्या वर आहे, तिथं टाकतोय. पेढे मात्र आईने आणलेच, म्हणे स्कोअरचे.