उ: उजनीत एवढं पाणी, मग वीज एवढीशीच का?

वर एकांनी विचारलंय की भीमेवरच्या उजनी धरणात कोयना धरणापेक्षा जास्त पाणी मावतं, तर वीज फक्त 12 मेगावॅट कशी. पाण्याचं बरोबर आहे. उजनी सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट), कोयना 105. पण वीज साठ्यावर नाही, पाणी किती उंचीवरून पडतं आणि एका वेळी किती सोडलं जातं त्यावर ठरते. कोयनेचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडे, कोकणात पोफळीकडे साडेचारशे मीटरहून जास्त खाली कोसळतं. आपली भीमा सपाटीची नदी. उजनीच्या भिंतीचीच उंची छप्पन्न मीटरच्या आसपास, आणि टर्बाइनला मिळणारी उंची त्याहूनही कमी.

शिवाय 117 पैकी जवळपास 63 टीएमसी मृतसाठा (तळाचं, एरवी वापरायला न मिळणारं पाणी) आहे, म्हणजे उपयुक्त साठ्यापेक्षा मृतच जास्त! उन्हाळ्यात 'उजनी वजा इतके टक्के' अशी बातमी येते ती यामुळेच.

पाणी कधी सोडायचं हेही विजेची मागणी बघून ठरत नाही. शेतीची आवर्तनं (पिकांसाठी ठरावीक काळानं सोडलेलं पाणी), पंढरपूरची वारी, सोलापूरच्या पिण्याच्या पाण्यासाठी भीमेवरचा औज बंधारा भरणं, यांचा मान आधी. माझ्या मते ते योग्यच आहे, नाहीतर आमच्याकडे नळाला येणारं पाणी आणखी लांबलं असतं. (आत्ताही फार लाड चाललेत असं नाही.)

उजनीचा वीजनिर्मितीचा संच उलटा फिरवून खालचं पाणी परत धरणात चढवता येतं, ही मात्र छान सोय. बाकी सोलापूरजवळच्या फताटेवाडीचा 1320 मेगावॅटचा औष्णिक प्रकल्पही पाणी उजनीचंच घेतो, तेव्हा विजेला उजनीचा हातभार 12 मेगावॅटवरच मोजू नका.