लष्कराच्या कागदावर नाव आहे म्हणून तोच बाप?

नगरची नात

परवा 'माजी हवालदार' यांनी लिहिलं, "पूर्वज सैनिक असेल तर त्याच्या बापाचं नाव लष्कराच्या कागदात बघा आणि विषय संपवा. चर्चच्या वह्या पाद्र्यांनी आपली माणसं वाढवायला भरलेल्या, त्यांना पुरावा कोण म्हणतं?" दोन दिवस गप्प बसले. आज राहवत नाही.

माझे पणजोबा १११ महार पलटणीत होते. १९१७ ला पलटण उभी राहिली तेव्हाच भरती झाले, आणि पहिल्या महायुद्धानंतर ती मोडली तेव्हा घरी आले. डिस्चार्जचा कागद आमच्याकडे आहे, घड्यांवर फाटलेला, मागून मांजरपाटाची पट्टी चिकटवलेली. नाव, बापाचं नाव, जात, गाव, तालुका, जिल्हा आणि खूण: डाव्या भुवईवर व्रण. त्यातल्या बापाच्या नावानेच आम्ही आजवर घराणं सांगत आलो.

मग मी बाप्तिस्म्याची वही पाहिली. नगर जिल्ह्यातली जुनी मंडळी, म्हणजे चर्च, साल १९००, मोठ्या दुष्काळाचं. एकाच तारखेला अख्खं पान भरलेलं, सगळी मुलं. आमच्या ओळीत 'वय सुमारे पाच'. बापाच्या रकान्यात भलतंच नाव आणि पुढे बारीक अक्षरात 'दुष्काळात मयत'. डिस्चार्जच्या कागदावर बाप म्हणून जे नाव आहे, तेही त्याच ओळीत आहे, पण शेवटच्या रकान्यात. साक्षीदार. बोर्डिंगचे मास्तर.

भरतीच्या टेबलावर बापाचं नाव विचारलं, तेव्हा पोराने ज्याने वाढवलं त्याचं नाव सांगितलं. कारकुनाने लिहून घेतलं. लष्कराचा कागद खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण त्यात सांगणाऱ्याचा शब्द आहे, बापाचा पुरावा नाही. आणि ज्या वहीला तुम्ही हसलात, तिच्यामुळे मला हे कळलं.

माजी हवालदार

ताई, तुमच्या पणजोबांना सलाम. पण मी बावीस वर्षं नोकरी केली आहे. शीट रोलमध्ये, म्हणजे शिपायाच्या नोकरीच्या नोंदीत, बापाचं नाव चुकलं तर माणसाची पेन्शन अडकते, बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही. आमच्या वेळी व्हेरिफिकेशनचा कागद गावी जायचा, पोलीस पाटील सही करायचा. एका अक्षरासाठी माझ्या मित्राची विधवा तीन वर्षं हेलपाटे घालत होती. इतकी काटेकोर नोंद कुठलं चर्च ठेवतं?

दुसरं, वहीतलं बापाचं नाव तरी कोणी सांगितलं? पाच वर्षांच्या अनाथ पोराने? पोराला जो आणून सोडून गेला त्याने सांगितलं असणार. तोही सांगणाऱ्याचाच शब्द. आणि ख्रिस्ती झालेला माणूस जातीच्या रकान्यात 'महार' लिहितो, म्हणजे तो खोटं बोलला.

नगरची नात

वहीतलं नावही कोणीतरी सांगितलेलंच आहे, हे मान्य. नाइलाजाने, पण मान्य.

'खोटं बोलला' हे मागे घ्या. १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. ज्यांचे बाप-आजे सुभेदार झाले त्यांच्या मुलांना दारातून परत पाठवलं. महारांचे पुढारी शिवराम जानबा कांबळे यांनी भरती पुन्हा सुरू करा म्हणून १९१० ला सरकारकडे अर्ज केला तो ह्याच दुःखातून. लढाईत माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला दार उघडलं. दारावर पाटी महार पलटणीची. बाप्तिस्मा झाला म्हणून गावाने त्यांना आपल्या पाणवठ्यावर घेतलं होतं का? जात खरीच सांगितली त्यांनी.

वसईकर

मी कॅथलिक, त्यामुळे थोडा वेगळा अनुभव. हवालदारसाहेब, चर्च काटेकोर नसतं म्हणालात म्हणून सांगतो. रोमच्या १९०७ च्या 'ने तेमेरे' आज्ञेनंतर लग्न कुठेही लागो, त्याची खबर बाप्तिस्मा झाला त्या चर्चला पाठवायची आणि मूळ नोंदीच्या समासात लिहायची, हा नियम झाला. माझे चुलत आजोबा दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते. घरी सगळे म्हणायचे, अविवाहित मेले. वहीत त्यांच्या नावाशेजारी उभ्या अक्षरात लग्नाची तारीख आणि पुण्याच्या कँपातल्या चर्चचं नाव! तिथे गेलो तर लग्नाच्या नोंदीत दोघांचे आईबाप. लष्कराच्या कागदात आईचं नाव कधी दिसलं का तुम्हाला?

आणि आमच्याकडे नुसतं बापाचं नाव कामाचं नाही. एका आळीत एकाच नावाचे तीन परेरा, तिघांच्या बापाचं नावही तेच. तिथे बाप्तिस्म्याला उभे राहिलेले धर्मपिता-धर्ममाता कोण, ते बघून घर ओळखावं लागतं.

तक्रारही सांगतो. ती वही बघायला मला वर्ष लागलं. 'पुढच्या रविवारी या' असे किती रविवार गेले. पानं वाळवीने खाल्लेली, आणि आपल्याच आजोबांची नोंद बघायला भीक मागितल्यासारखं उभं राहायचं.

गोदाकाठ

एवढा खटाटोप कशाला? नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे, म्हणजे यात्रेकरूंची घराणी वह्यांत लिहून ठेवणाऱ्या पुरोहितांकडे जा. गाव आणि आडनाव सांगा, वही उघडतात. आमच्या सहा पिढ्या मला पंधरा मिनिटांत मिळाल्या, पणजोबांच्या सहीसकट. आमच्या घरापुरती तरी याहून जुनी नोंद नाही.

नगरची नात

दादा, १९३० च्या मार्चात काळारामाच्या दारात सत्याग्रह कशासाठी झाला होता? ज्यांना देवळाची पायरी बंद, त्यांची वंशावळ कोणत्या वहीत शोधू? आम्हाला उपाय सांगताना क्षणभर थांबत जा.

गोदाकाठ

प्रत्येक गोष्टीत जात आणलीच पाहिजे का? मी मदत म्हणून सांगितलं.

पिंपळपार

जात तिने आणली नाही, वह्यांनी आणली. मीही नाशिकचा. माझे वडील पंधरा वर्षांपूर्वी तिथे गेले होते. गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, वही उघडली. पाटील, कुलकर्णी, वाणी, सगळे सापडले, आमचं घर नाही. वडील परतीच्या एसटीत एक शब्द बोलले नाहीत.

आमच्या पूर्वजांची नावं ज्या दगडावर आहेत तो कोरेगावचा खांब. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं बघा, त्यातली बावीस 'नाक' लावलेली, म्हणजे महारांची. शिपायाचं नाव, त्यालाच जोडून बापाचं, दोन्हींपुढे नाक. तेव्हा पलटणीने तरी बापासकट नाव लिहिलं. नंतर पोरं शाळेत गेली, 'नाक' गेलं, गावाच्या नावावरून आडनाव आलं. दोन पिढ्यांत तीन नावं बदललेल्या माणसाला तुम्ही पंधरा मिनिटांत शोधायला सांगता?

गोदाकाठ

वह्या सगळ्यांच्या नाहीत, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तेवढं मान्य. पण माझ्यावर असं तुटून पडायची गरज नव्हती.

दफ्तरखाना

भांडण पुरे, मूळ मुद्द्यावर येतो.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आलेल्या गोऱ्या शिपायाचं वय, धंदा आणि जन्मगाव जहाजावर चढतानाच लिहिलं जायचं. मुंबई इलाख्यातल्या चर्चांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या नकला दरवर्षी लंडनला जायच्या, आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. दोन्ही जुळवून त्यांचे वंशज दोनशे वर्षं मागे जातात. आपल्या शिपायांचं काय? इराकमधल्या बसऱ्याच्या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर गोऱ्यांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांचे पलटणवार आकडे. तिथल्याच कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला तुर्कांपुढे शरणागती झाली. त्या कैदेत मेलेल्यांच्या नातवंडांनी काय, आकड्याला हार घालायचा? पंजाबच्या सुमारे तीन लाख वीस हजार शिपायांची गाववार रजिस्टरं लाहोरच्या संग्रहालयात निघाली आणि २०२१ पासून लोकांना बघता येऊ लागली. आपल्याकडे तसं काही खुलं नाही, याची चीड मला रोज येते.

पण ताई, तुमच्याकडे एक मोठी गोष्ट आहे. गाव. कागदात आणि वहीत गाव एकच आहे का?

नगरची नात

एकच. कागदावर मोडकं लिहिलंय, पण तेच.

दफ्तरखाना

मग बाप तिथे सापडेल. तहसीलच्या अभिलेख कक्षात दोन गोष्टी मागा. एक, कोतवाल बुक, गाव नमुना १४, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची वही. जन्माच्या नोंदीत बहुतेकदा मुलाचं नाव नसतं, 'अमक्यास मुलगा' एवढंच असतं, म्हणून १८९४ ते ९६ ची सगळी पानं बघा. १८९९-१९०० चे मृत्यूही बघा, वहीतलं 'मयत' तिथे जुळायला हवं. दुसरं, महार वतनाच्या वारसनोंदी. वतनं १९५८ च्या कायद्याने गेली, दप्तर राहिलं. वाटा कोणाचा, कोणामागे कोण लागला, हे तिथे हक्कापोटी लिहिलेलं असतं. मोडी वाचणारा सोबत न्या.

माजी हवालदार

वतनाच्या नोंदीत जे नाव निघेल ते मी मानेन. वहीतलं निघालं तर वहीचं मानेन. 'खोटं बोलला' मागे घेतो, गणवेश घातलेल्या माणसाबद्दल मी तसं लिहायला नको होतं. पण डिस्चार्जच्या कागदावरचं नाव घरातून काढू नका. भरतीच्या दिवशी जवान बापाचं नाव सांगतो तेव्हा कसा उभा राहतो, ते मी पाहिलं आहे.

नगरची नात

काढणार नाही, काका. मास्तरांचं नाव आमच्या घरातच राहील. मंगळवारी तहसीलला अर्ज देते आहे. पिंपळपार, तुम्हाला मोडी येते असं मागे एकदा लिहिलं होतंत. याल का?

पिंपळपार

येतो. भिंग आणतो. वेळ कळवा.